न जुळणाऱ्या गोष्टींचं घर

मागचे काही भाग आपण पेन्शन, मृत्युपत्र, आरोग्य विमा अशा रुक्ष विषयांवर बोललो. आज घर मांडण्याबद्दल बोलू या. नवीन सोफा कुठून घ्यावा, हा विषय नाही. घरात आधीपासून असलेल्या, एकमेकांशी अजिबात न जुळणाऱ्या वस्तू एकत्र कशा नांदवायच्या, हा विषय आहे.

या प्रकाराला हल्ली 'एक्लेक्टिक' सजावट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'निवडून घेणारा' असा आहे. बहुतेकांची गल्लत इथेच होते. त्यांना वाटतं, जे हाताला लागेल ते मांडून ठेवलं की झालं. त्याला आपल्याकडे अडगळीची खोली म्हणतात. निवड करायची म्हणजे काही गोष्टी बाहेरही काढाव्या लागतात, आणि ते काम खरेदीपेक्षा अवघड असतं.

मी राहतो चेन्नईत, एग्मोरला. तमिळमध्ये एळुंबूर. या विषयाला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. १९०८ साली सुरू झालेलं इथलं रेल्वे स्टेशन बघा. लाल विटा, पांढरी किनार, वर मुघल धाटणीचे घुमट, आणि खाली खांबांवर द्रविड देवळांतल्यासारखं कोरीवकाम. शैली एकीची नाही, पण इमारत एक वाटते, कारण रंग दोनच आहेत आणि कमानींची लय सारखी आहे. तिथून पँथियन रोडवर सरकारी संग्रहालय चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. १८५१ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याची सूत्रं एडवर्ड बाल्फोर नावाच्या लष्करी डॉक्टरकडे होती. फौजी माणसाला वस्तू जमवायची खोड जुनीच आहे म्हणायची.

आमच्या फौजी घरांची सजावट तर पेट्यांपासूनच सुरू होते. सिव्हिलमधल्या मंडळींना हे सांगावं लागतं. दर दोन-तीन वर्षांनी बदली. प्रत्येक बदलीला सगळा संसार काळ्या पत्र्याच्या ट्रंकांत आणि लाकडी खोक्यांत भरायचा. नवीन ठिकाणी पोचल्यावर ही खोकी ठेवायची कुठे? म्हणून त्यांचंच फर्निचर होतं. चार खोकी शेजारी लावली, वर गादी टाकली, चादर ओढली की दिवाण तयार. दोन ट्रंका एकावर एक ठेवून कापड टाकलं की टीव्हीचं टेबल. आत रजया, थंडीचे कपडे, मुलांची पुस्तकं. पाहुणा बसलेला असतो संसारावर, आणि त्याला कळतही नाही.

या विद्येला मोठी परंपरा आहे. ब्रिटिश काळात लष्करासाठी खास मोडून-जोडून नेता येणारं फर्निचर बनायचं. त्यातली 'रुड़की खुर्ची' प्रसिद्ध आहे. बंगाल सॅपर्सचं केंद्र रुड़कीला, तिथलं नाव तिला मिळालं. चार लाकडी पाय, आडव्या दांड्या, कॅनव्हास किंवा चामडं. स्क्रू नाही, गोंद नाही. भोकांत दांड्या नुसत्या बसवलेल्या असतात, त्यामुळे जमीन ओबडधोबड असली तरी माणूस बसला की चारही पाय आपोआप टेकतात. डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी १९३३ मध्ये हीच कल्पना घेऊन 'सफारी खुर्ची' केली, आणि ती आज डिझाइनच्या पुस्तकांत दिसते. आपल्याकडची तंबूतली खुर्ची युरोपच्या दिवाणखान्यात गेली ती अशी.

माझ्या हॉलमध्ये आज पाच खोकी आहेत. एकावर पांढऱ्या रंगात माझं नाव आणि 'कॅप्टन' लिहिलेलं आहे. त्यावर काट मारून 'मेजर', त्याच्यावर पुन्हा काट. रंगारी आला तेव्हा म्हणाला, सर, हे घासून पॉलिश मारतो. मी नको म्हटलं. जुनी वस्तू नव्या कामाला लावताना तिचं जुनं काम दिसत राहिलं पाहिजे, हे माझं मत आहे. ते पुसून टाकायचं असेल तर बाजारात नवीन लाकडी पेटी मिळते की. ती आणावी.

आता कापडाकडे येतो, कारण घर बिघडतं किंवा सुधारतं ते बहुतेक कापडावरूनच.

पँथियन रोडवर कपड्यांच्या दुकानांची एक रांग आहे, लोक तिला कॉटन स्ट्रीट म्हणतात. पडद्यांचं, चादरींचं कापड, निर्यातीतून उरलेले ताके, तुकडे, सगळं तिथे मिळतं. तिथे उभं राहिलं की डोळे भिरभिरतात. चौकडी, पट्टे, फुलं, कलमकारी, इकत, एकावर एक रचलेलं. पण एक गंमत बघा. त्या ढिगात काही कापडं शेजारी-शेजारी छान दिसतात आणि काही भांडतात. का?

मी यावर बराच विचार केला आहे आणि माझी उत्तरं अशी. दोन नक्ष्यांचा आकार सारखा असेल तर त्या भांडतात. तळहाताएवढं फूल आणि तळहाताएवढी चौकडी शेजारी ठेवली की नजरेला कळत नाही आधी कुठे जायचं. तेच फूल मोठं ठेवा आणि चौकडी नखाएवढी घ्या, लगेच एक पुढे येतं, दुसरं मागे जातं. दुसरं म्हणजे, सगळ्या कापडांत एक रंग तरी समान असावा, अगदी धाग्याएवढा असला तरी चालेल. माझ्याकडे तो कुंकवासारखा लाल आहे. आईच्या गोधडीत तो आहे, भवानीच्या जमक्काळमच्या पट्ट्यांत आहे, सांगानेरच्या बुट्टीतही आहे. तीन प्रांतांची तीन कापडं, पण लाल रंग त्यांना एका हुकमाखाली आणतो.

आणि गडद-फिकटचा हिशोब. यासाठी एक सोपी युक्ती आहे. खोलीचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. सगळी कापडं एकाच करड्या छटेची दिसली तर खोली गढूळ वाटणार, मग रंग कितीही महागाचे असोत. काही गडद, काही फिकट, काही मधली अशी दिसली तर नक्ष्या कितीही वेगळ्या असल्या तरी निभावून जातं. रंग आपल्याला फसवतो, छटा फसवत नाही.

शिवाय नजरेला टेकायला जागा हवी. आमच्या हॉलच्या दोन भिंती पूर्ण रिकाम्या आहेत, चुन्यासारख्या पांढऱ्या. चेन्नईच्या उन्हात पांढरी भिंत स्वतःच दिवसभर रंग बदलत असते, तिला चित्राची गरज नाही.

हे नियम काही परदेशातून आलेले नाहीत. कांजीवरम साडी बघा. अंग हिरवं, काठ जांभळा किंवा लाल, एकमेकांच्या विरोधातले रंग. कोरवई पद्धतीत अंगाचा आणि काठाचा आडवा धागा वेगळा असतो, आणि विणता विणता ते एकमेकांत अडकवतात. जोड जिथे येतो तिथे देवळाच्या शिखरासारखे त्रिकोण काढतात. त्यामुळे सरळ रेघेत दोन रंग एकमेकांवर आदळत नाहीत, एकमेकांत दातांसारखे बसतात. आपल्या इरकलीच्या टोपपदरात काय वेगळं असतं? विरोधी रंग शेजारी आणायचे असतील तर जोडाची जागा नीट सांभाळायची, एवढंच विणकर सांगतो. घरात तो जोड म्हणजे पडद्याची किनार, उशीची गोट, गालिच्याची झालर.

आणि मद्रासी चौकडी! या शहराच्या नावाने जगभर ओळखलं जाणारं कापड. पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियातल्या कलाबारी लोकांत या कापडाला 'इंजिरी' म्हणतात, म्हणजे मूळ 'इंडिया'च. तिथल्या बायका आपली चौकडी विकत घेऊन तिच्यातले निवडक धागे बारीक पात्याने कापून उपसून काढतात. राहिलेल्या धाग्यांतून नवीन नक्षी उमटते, आणि ते कापड त्यांचं स्वतःचं होतं. मला हे फार आवडतं. दुसऱ्याची वस्तू घेतली, तिच्यात काही भरलं नाही, उलट काढून टाकलं, आणि ती आपली केली. कॅरिबियन बेटांवर, मार्टिनिक-ग्वाडेलूपमध्ये, हीच चौकडी बायकांच्या पारंपरिक वेशात डोक्याला बांधतात. आणि ज्या कच्च्या रंगाच्या चौकडीचा रंग धुताना सुटायचा, ती १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत 'ब्लीडिंग मद्रास' या नावाने फॅशन झाली. दोष होता तोच गुण म्हणून विकला गेला. त्या व्यापारातले एक नाव म्हणजे पुढे लीला हॉटेल्स उभी करणारे कृष्णन नायर. तेही माजी फौजी, कॅप्टन.

इथपर्यंत सगळं हौसेचं झालं. आता ज्यामुळे मी हा भाग करायचं ठरवलं ते सांगतो.

माझा एक कोर्समेट होता, अकादमीपासूनचा मित्र. तो गेला. वहिनी मोठ्या घरातून इथे, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आल्या. बरोबर तीस वर्षांच्या बदल्यांचं सामान. अकरा खोकी, आठ जणांचं जेवणाचं टेबल, काश्मीरचे नमदे, आसामचे बांबूचे मुढे, आणि सातारा जिल्ह्यातल्या वाड्यातून वाटणीला आलेला तांब्याचा बंब आणि घंगाळ. मुलगा परदेशात. त्याने मला फोन केला, "काका, आईला सगळं नवीन घेऊन देतो. एकसारखा सेट. जुनं मोडीत काढा." त्याचा हेतू वाईट नव्हता. आईला त्रास नको, साफसफाई सोपी व्हावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

वहिनी दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, विकायला माझी ना नाही. पण रात्री दिवा न लावता मला पाण्याचा तांब्या सापडला पाहिजे."

त्यांची नजर कमी होत चालली आहे, हे तेव्हा आम्हाला नीट कळलं. त्यांना वस्तू डोळ्यांनी कमी आणि हाताने जास्त ओळखू येतात. खोक्याचा दोरीचा कान, ट्रंकेचा गार पत्रा, मुढ्याची वीण. एकसारखा गुळगुळीत सेट आणला असता तर त्या स्वतःच्या घरात पाहुण्या झाल्या असत्या. म्हणजे हा प्रश्न सजावटीचा राहिलाच नाही. एकट्या राहणाऱ्या बाईने एकटं राहू शकावं की नाही, असा तो प्रश्न होता.

माझी पत्नी आणि वहिनी यांनी तीन ढीग केले. रोज हात लागतो ते. रोज लागत नाही, पण नजरेसमोर हवं ते. आणि बाकीचं, जे कुणाला तरी द्यायचं. अकरापैकी चार खोकी राहिली. टेबल आत मावत नव्हतं, तेव्हा सुताराने त्याचे दोन भाग केले. एक भिंतीला लागून, दोन पायांवर आणि दोन ब्रॅकेटवर, तिथे त्या जेवतात. दुसऱ्याच्या फळ्या झाल्या. आठ खुर्च्यांतल्या दोनच ठेवल्या, हाताच्या. वयस्क माणसाला उठताना हाताचा आधार लागतो. बिनहाताची सुंदर खुर्ची त्याच्या काय कामाची?

आता नक्ष्यांचा मुद्दा इथे कसा लागू पडतो ते ऐका, कारण बहुतेक घरांत म्हातारी माणसं असतातच. कमी दिसणाऱ्या माणसाला ठळक फरक मदत करतो. पांढऱ्या भिंतीसमोर गडद चौकडीची खुर्ची लगेच दिसते, बदामी भिंतीसमोरची बदामी खुर्ची दिसत नाही. पलंगाच्या कडेला रुंद पट्ट्यांचं कापड असेल तर कड कुठे संपते ते कळतं. फिक्या ताटाखाली गडद कापड घातलं की ताट सापडतं. म्हणजे 'सगळं मॅचिंग' ही गोष्ट वहिनींसाठी धोक्याचीच होती. पण जमिनीवर उलटा नियम. जमीन साधी, एकरंगी हवी. पट्टे पायरीसारखे भासतात, गडद आकृती खड्ड्यासारखी वाटते. आणि सुटे गालिचे तर नकोच, पाय अडकून माणूस पडतो. म्हणून नमदे भिंतीवर गेले, जमक्काळम पलंगावर गेलं, आणि फरशी उघडी राहिली.

काळी ट्रंक पलंगाशेजारी, गादीच्या उंचीची. वर तांब्या, डाव्या कोपऱ्यात. घंगाळ दाराजवळ, त्यात काठ्या आणि छत्री. बंब हॉलच्या कोपऱ्यात नुसता उभा आहे. त्याला काही काम नाही. मी म्हटलं, याचा दिवा करू. वहिनी म्हणाल्या, नको, तो बंबच बरा. मला ते पटलं. प्रत्येक जुन्या वस्तूचं काहीतरी केलंच पाहिजे, हाही एक अट्टहासच आहे. हंड्याचा दिवा, शिवणयंत्राच्या पायाचं टेबल, केटलीत झाड, हे आता हॉटेलांत इतकं झालंय की तेही एकसारख्या सेटसारखंच वाटतं.

मुलगा नंतर येऊन गेला. त्याला ते घर अजून ट्रान्झिट कॅम्प वाटतं. असू दे. आई तिथे एकटी राहते आणि पडत नाही.

जुन्या वस्तू विकत घ्यायच्या असतील तर तमिळनाडूत खजिना आहे. चेट्टीनाड भागातले व्यापारी ब्रह्मदेश, सिलोन, मलायात गेले आणि तिथल्या पैशांतून त्यांनी प्रचंड घरं बांधली. ब्रह्मी सागाचे खांब, इटलीचा संगमरवर, बेल्जियमची काच, जपानी टाइल्स, आणि खाली गावातच बनलेली आत्तंगुडी फरशी. ही फरशी भाजत नाहीत. काचेच्या तुकड्यावर रंगीत सिमेंट हाताने ओतायचं, मागे वाळू-सिमेंट भरायचं, पाण्यात मुरवायचं. काचेमुळे तिला गुळगुळीत तुकतुकी येते. दुसऱ्या महायुद्धात जपान ब्रह्मदेशात शिरला, धंदे बुडाले, नंतर वाटण्या झाल्या, आणि कित्येक घरं खांब-खांब करून विकली गेली. कारैकुडीच्या जुन्या सामानाच्या गल्लीत आजही दारं, एनॅमलचे डबे, पितळी भांडी मिळतात. शहरात छोट्या भंगारवाल्याला 'कायलान कडै' म्हणतात, तिथेही कधी कधी चांगलं लाकूड सापडतं. आपल्या सातारा-वाई-पैठणकडच्या वाड्यांचीही हीच कथा आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते, समया, दारं बघताना जाणवतं, की दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास हे जमवायला सुरुवात केली नसती तर त्यातलं बरंचसं वितळवलं गेलं असतं.

पण दोन गोष्टी कधीही घेऊ नका. पहिली, देवळातली मूर्ती, कोरीव दगड, जुनं देव्हाऱ्याचं शिल्प. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी शिल्पं, चित्रं ही पुरावस्तू ठरतात. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो, काहींची नोंदणी करावी लागते, आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. तमिळनाडूत मूर्तिचोरी इतकी आहे की त्यासाठी पोलिसांची वेगळी शाखा आहे. 'घरातलीच आहे साहेब' असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी, भंगारातली तोफगोळ्याची पुंगळी. फौजी घरात चकचकीत पितळी पुंगळ्यांत फुलं ठेवलेली तुम्ही पाहिली असतील. त्या युनिटने तपासून, रिकाम्या असल्याची खात्री करून दिलेल्या असतात. भंगारबाजारातली पुंगळी किंवा गोळा कुणी तपासलाय? फायरिंग रेंजच्या आसपास असं भंगार गोळा करताना माणसं मेलेली आहेत. शोभेसाठी हात लावू नका. सापडलं तर लांब राहून पोलिसांना कळवा. यात मी थट्टा करत नाही. दारूगोळ्याच्या जुन्या लाकडी पेट्यांनाही कीड लागू नये म्हणून रसायन लावलेलं असू शकतं. त्या धान्याला, मुलांच्या खेळण्यांना किंवा स्वयंपाकघरात वापरू नयेत.

शेवटी देखभाल. चेन्नईची हवा खारी आणि दमट, मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. खोकी भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा, खाली विटा किंवा लाकडी ठोकळे द्या. वाळवी भिंतीतून येते. पावसाळा संपला की एका कोरड्या दिवशी सगळ्या पेट्या उघड्या टाकायच्या, गोधड्या उन्हात घालायच्या, पण कांजीवरम आणि रेशीम सावलीतच. पितळ चिंचेने घासा, पण लगेच धुऊन कोरडं करा, नाहीतर डाग राहतात. ट्रंकेला गंज धरला तर पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग काळा रंग. नाव पांढऱ्यात, हाताने, स्टेन्सिल लावून.

पुढच्या भागात फ्लॅटच्या गॅलरीतली भाजी. नमस्कार.